एफ(आर, टी) गुरुत्वाकर्षणात द्रव्य आणि कृष्ण ऊर्जेची आंतरक्रिया: क्यू हे पद कोठून आणावे?

प्रश्न:
एफ(आर, टी) हा गुरुत्वाकर्षणाचा सुधारित सिद्धान्त आहे; त्यात आर म्हणजे अवकाशकालाची वक्रता आणि टी म्हणजे द्रव्याच्या ऊर्जा-संवेग प्रदिशाची (टेन्सरची) कर्णबेरीज. त्याचे सर्वांत साधे रूप, म्हणजे आर + २ लॅम्डा टी (लॅम्डा हा स्थिरांक), घेऊन मी सपाट विश्वाची समीकरणे सोडवत आहे. दाबरहित द्रव्य आणि कृष्ण ऊर्जा (विश्वाचे प्रसरण वेगवान करणारा घटक) यांच्यात ऊर्जेची देवघेव व्हावी म्हणून द्रव्याच्या सातत्य समीकरणात (घनता काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या) हबल प्राचल (विश्वाच्या प्रसरणाचा दर) आणि द्रव्याची घनता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असलेले क्यू हे पद जोडले आहे. सुपरनोव्हांच्या निरीक्षणांशी आलेख चांगला जुळतो. तरीही हे पद असे बाहेरून जोडणे योग्य आहे का?

पहिले उत्तर:
माझ्या मते नाही. आइन्स्टाईनच्या सामान्य सापेक्षतेत बियान्की नित्यसमता (वक्रतेने नेहमीच पाळायचा गणिती नियम) फक्त एकूण ऊर्जा-संवेगाची अक्षय्यता मागते. त्यामुळे दोन घटकांत देवघेव किती व्हावी हे ठरवायला मोकळीक उरते. हार्को, लोबो, नोजिरी आणि ओडिन्त्सोव्ह यांनी २०११ मध्ये मांडलेल्या या सिद्धान्तात मात्र द्रव्याच्या प्रदिशाचे अपसरण मुळातच शून्य नसते, म्हणजे द्रव्याची ऊर्जा स्वतंत्रपणे अक्षय्य राहत नाही, आणि ते किती असावे हे क्षेत्र समीकरणेच सांगतात. त्यावर आणखी क्यू जोडले, तर देवघेव दोनदा मोजली जाते. आधी क्यू वगळून पाहा: नुसत्या दाबरहित द्रव्यासाठी विश्वाचा मापनगुणक (अंतरे किती पट ताणली गेली ते सांगणारा) काळाच्या एका स्थिर घाताच्या प्रमाणात वाढतो आणि मंदन प्राचल (प्रसरण किती मंदावते त्याचे माप) स्थिर राहतो, म्हणजे मंदनाकडून त्वरणाकडे होणारे संक्रमण या रूपातून निघतच नाही. तेव्हा आपला आलेख जुळतो तो सिद्धान्तामुळे की जोडलेल्या पदामुळे, हे तपासायला हवे. मापनगुणक आधीच गृहीत धरून मग दाब काढण्याची रूढ पद्धत मला यासाठीच पटत नाही. त्यात सिद्धान्ताला प्रश्नच विचारला जात नाही.

दुसरे उत्तर:
एक भर घालतो. टी हे पद बॅरिऑनी (म्हणजे अणूंचे बनलेले साधे) द्रव्य आणि न दिसणारे कृष्णद्रव्य यांत भेद करत नाही, म्हणून सूर्यमालेतील साध्या द्रव्यावरच्या चाचण्याही या सिद्धान्ताला लागू होतात. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संकेतांवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापाने सूर्यमालेतील सापेक्षतेपासूनचे विचलन एक लाखात काही भाग इतक्यावर आणून ठेवले आहे.

प्रश्नकर्ता:
मग सापेक्षतेतच राहून फक्त कृष्णद्रव्यासाठी क्यू ठेवले तर?

पहिले उत्तर देणारे:
चालेल, पण केवळ प्रसरणाच्या इतिहासावर थांबू नका. वालिव्हीटा, मायेरोत्तो आणि मार्टेन्स यांनी २००८ मध्ये दाखवले की कृष्ण ऊर्जेचा अवस्था प्राचल (दाब आणि घनता यांचे गुणोत्तर) स्थिर आणि उणे एकपेक्षा मोठा असेल आणि क्यू कृष्णद्रव्याच्या घनतेच्या प्रमाणात असेल, तर जोडणी कितीही क्षीण असली तरी आरंभीच्या विश्वातील विक्षोभ (घनतेतील लहान चढउतार) अनियंत्रित वाढतात. क्यू कृष्ण ऊर्जेच्या घनतेच्या प्रमाणात घेऊन पाहा आणि विक्षोभांची समीकरणे प्रथम सोडवा.