मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या सिस्टरांचे आभार कसे मानू?

नमस्कार. आमची लेक ३० व्या आठवड्यातच जन्मली, वजन १२५० ग्रॅम. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ३८ दिवस होती. आता घरी आहे, परवाच बारसं झालं.

तिथे रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या. पहिले चार दिवस मी बाळाला हात लावायलाही घाबरत होते. पाचव्या रात्री त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, खुर्चीत बसवलं आणि नुसती टोपी नि डायपर घातलेलं बाळ, नळ्या सांभाळत, माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलं. वरून चादर गुंडाळली. "ह्याला कांगारू केअर म्हणतात. घाबरू नका ताई, तिला तुमची ऊब हवीये." तासभर त्या हलल्या नाहीत. मी रडत होते, तर एका हाताने माझे डोळे पुसले, दुसरा बाळाच्या पाठीवरच.

पंपाने जेमतेम १० मिली दूध निघायचं, तेही त्या थेंब न सांडता नळीतून द्यायच्या.

डिस्चार्जच्या दिवशी दिलेलं पाकीट त्यांनी हात जोडून परत केलं. पेढे मात्र सगळ्या स्टाफला वाटले.

१२ मे ला परिचारिका दिन आहे. त्यांच्या कामाची रीतसर नोंद व्हावी असं फार वाटतं. पत्र मेट्रनना द्यायचं की मेडिकल सुपरिंटेंडेंटना? मराठीत चालेल ना? आणि सासूबाई बाळांसाठी टोप्या विणताहेत, त्या आत घेतात का? नर्सिंगमधल्या कोणी सांगाल का?