डीसी केबलच्या टर्मिनेशनला एसीचा स्ट्रेस कोन का पुरत नाही?

सांधेवाला: २२० केव्ही एसी केबलची टर्मिनेशन, म्हणजे केबलची टोकं जिथे उपकरणाला जोडतात ते भाग, बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता ३२० केव्ही डीसीचं काम आलंय आणि गणित बसेना. केबल थंड असताना सिम्युलेशनमध्ये स्ट्रेस कोनाभोवतीचं, म्हणजे टोकाशी ताण पसरवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या रबरी भागाभोवतीचं, विद्युत क्षेत्र ठीक दिसतं. पूर्ण भार दिला की रबर आणि एक्सएलपीईच्या (केबलचं इन्सुलेशन असलेलं क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन) सांध्यावर ताण चढतो. आकार तोच, व्होल्टेज तेच. मग बदललं काय?

रोधक: तापमान. एसीत क्षेत्राची वाटणी परमिटिव्हिटी, म्हणजे पदार्थाचा विद्युत क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, करते. एक्सएलपीईची साधारण २.३, केबल तापली तरी फारशी हलत नाही, म्हणून कोनाच्या आकारावर भागतं. डीसीत व्होल्टेज स्थिरावलं की वाटणी वाहकतेच्या हाती जाते, आणि ती तापमानाबरोबर कित्येक पटींनी वाढते. भार आला की कंडक्टरलगतचा थर तापतो, जास्त वाहू लागतो, तिथला ताण उतरून बाहेरच्या थरावर जातो. तुमचा रबरी कोन नेमका त्याच बाहेरच्या बाजूला बसलेला आहे!

शिवाय रबर आणि एक्सएलपीईचं परमिटिव्हिटी-वाहकता गुणोत्तर जुळत नसेल तर सांध्यावर प्रभार साचतो. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत घासा, हा साचणारच. म्हणून मी नुसत्या कोनावर विसंबत नाही. झिंक ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड मिसळलेल्या रबराचा थर घालतो. क्षेत्र वाढलं की तो आपणहून जास्त वाहतो आणि ताण पसरवतो. मात्र मिश्रण निगुतीनं ठरवावं लागतं, कारण फार वाहणारा थर स्वतःच तापतो.

ध्रुव: एसी-डीसी बदलणारा कन्व्हर्टर कुठला? एलसीसीत (थायरिस्टरवर चालणारा जुना प्रकार) वीज पाठवण्याची दिशा फिरवायला पोलॅरिटी, म्हणजे व्होल्टेजचं धन-ऋण, उलटावी लागते. साचलेला प्रभार लगेच हटत नाही, तो नव्या क्षेत्रात भर घालतो.

सांधेवाला: व्हीएससी, म्हणजे व्होल्टेज-सोर्स कन्व्हर्टर.

रोधक: मग तो घाव रोजचा नाही. व्हीएससीत पोलॅरिटी तीच राहते. १९९९च्या स्वीडनमधल्या गॉटलंड जोडणीत ८० केव्हीची एक्सएलपीई केबल त्यामुळेच सोयीची ठरली. तरी फक्त थंड आणि गरम अशा दोन स्थिर अवस्था तपासून थांबू नका. व्होल्टेज दिल्याक्षणी क्षेत्र एसीसारखंच वाटलं जातं, मग हळूहळू वाहकतेकडे सरकतं, त्याला तासन्‌तास लागू शकतात. मधला काळही काढा. आणि भरल्या केबलवर आभाळातल्या विजेचा इम्पल्स (क्षणिक व्होल्टेज-धक्का) येतो तेव्हा वाटणी पुन्हा परमिटिव्हिटीची असते, साचलेल्या प्रभारावर चढलेली. मी सांध्यावरच्या इन्सुलेशनची जाडी त्याच आकड्यावरून ठरवतो.