सोन्यावरचा डीएनएचा थर एएफएममध्ये दिसतच नाही, काय करू?

सेन्सरवाला:
नमस्कार मंडळी, सेन्सरसाठी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायॉलवाला (सोन्याला चिकटणारं गंधकाचं टोक असलेला) डीएनए बसवतोय, प्रोब म्हणजे ही बसवलेली एकेरी साखळी २० बेसची आणि वरून मोकळी जागा भरायला मर्कॅप्टोहेक्झॅनॉल हा छोटा थायॉल. रुथेनियम हेक्झामाइनने घनता मोजली की सगळ्या इलेक्ट्रोडवर जवळपास सारखीच येते, पण टार्गेट (प्रोबला जुळणारी साखळी) टाकलं की एक मस्त चालतो आणि शेजारचा ढिम्म. म्हणून म्हटलं थरच बघू, तर एएफएममध्ये (बारीक टिप पृष्ठावर फिरवून उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) नुसते सोन्याचे दाणे दिसतात, डीएनएचा पत्ताच नाही. कोणी केलंय का हे?

टिपवाली:
घनता सारखी म्हणजे थर सारखा असं अजिबात नाही हो. रुथेनियम फॉस्फेटच्या ऋण भाराला चिकटतं आणि तुम्हाला अख्ख्या इलेक्ट्रोडची सरासरी मिळते. एका भागात डीएनए खच्चून भरलाय आणि दुसरा भाग रिकामा, तरी आकडा तोच येणार. आणि खच्चून भरलेल्या जागी टार्गेट आत शिरणार कुठून, दुहेरी साखळीचीच जाडी २ नॅनोमीटर, त्यात दोघांवरही ऋण भार.

दिसत नाही कारण तुमचं सोनं खडबडीत आहे. स्पटर केलेल्या सोन्याचे दाणेच कित्येक नॅनोमीटर वरखाली असतात, त्यात एकेरी साखळीचा गुंडाळा हरवतो. अभ्रकावरचं ज्योतीत तापवलेलं १११ सोनं (स्फटिकाचं अणूंच्या पातळीवर सपाट पृष्ठ) घ्या, तिथे एका अणूची पायरी सुमारे ०.२४ नॅनोमीटरची, ती स्वच्छ दिसली की मगच डीएनए शोधा. आणि कोरडं करून बघू नका प्लीज, मीठ साचतं आणि साखळ्या आडव्या पडतात. बफरमध्येच, टॅपिंग मोडला (टिप घासत न नेता हलके टेकवत), जेवढा कमी जोर लावता येईल तेवढा. तरी टिप दाबतेच, त्यामुळे २० जोड्यांची लांबी हिशोबाने ६.८ नॅनोमीटर असली तरी उंची त्याहून कमी दिसेल.

सेन्सरवाला:
पण मग सपाट सोन्यावर जे दिसेल ते माझ्या खऱ्या इलेक्ट्रोडला लागू होईल का?

निळाप्रकाश:
पूर्ण नाही, म्हणून खऱ्या इलेक्ट्रोडवर फ्लुरोसन्स बघा. मोकळ्या टोकाला डाय लावा. सोन्याजवळ डायचा प्रकाश विझतो, व्होल्टेज थोडं ऋण केलं की साखळी दूर ढकलली जाते आणि ती जागा उजळते, म्हणजे कुठे साखळ्या हलतायत आणि कुठे अडकल्यात ते नकाशासारखं समोर येतं. फार ऋण नेलं तर थायॉल सुटून थरच निघून जातो, ते मोजमाप अगदी शेवटी. बिझोटो या संशोधकांच्या गटाने असंच एकस्फटिकी सोन्याच्या मण्यावर केलंय, एकाच मण्याच्या वेगवेगळ्या पृष्ठांवर थर वेगवेगळा बसतो. तुमच्या इलेक्ट्रोडवर तर असे असंख्य दाणे आहेत.

टिपवाली:
बरोबर, आणि बसवायचा क्रमही बघा. आधी डीएनए लावला तर तो बेसेसनी सोन्याला चिकटून लोळतो, मग मर्कॅप्टोहेक्झॅनॉल त्याला उचलतं, पण जास्त वेळ ठेवलं तर डीएनएच हाकलतं. उलट क्रमात डीएनए मुख्यतः दोषांच्या जागी आणि पायऱ्यांच्या कडेला घुसतो, म्हणजे आधीचा थर जसा तसे पुंजके. दोन्ही क्रमांचे नमुने एकाच सोन्यावर करा, टार्गेट टाकण्याआधी आणि नंतर तीच जागा स्कॅन करा, कुठली साखळी जुळली आणि कुठली नाही ते उंचीच्या फरकावरून कळेल.