नेदरलँड्समध्ये वापरलेले कपडे घ्यायचे तर व्हिंटेज दुकानात की क्रिंगलोपमध्ये?

कालवाकाठी

नेदरलँड्सला फिरायला येणारे आपले लोक आता ट्यूलिपच्या बागा आणि पवनचक्क्यांच्या जोडीने जुन्या कपड्यांच्या दुकानांची यादीही बरोबर आणतात, याचा मला आनंद वाटतो. परंतु ती यादी बहुतेक वेळा ॲमस्टरडॅमच्या ‘नऊ गल्ल्या’ हा खरेदीचा भाग आणि आसपासची व्हिंटेज, म्हणजे जुन्या काळातले कपडे विकणारी दुकाने यांच्यापुढे जात नाही. माझे मत असे आहे की प्रवाशाने आपला वेळ आणि पैसा क्रिंगलोपमध्ये, म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या दुकानांत खर्च करावा.

व्हिंटेज दुकानांच्या साखळ्यांत टांगलेला माल बराचसा गासड्यांनी विकत घेतलेला असतो. अमेरिकी विद्यापीठांची नावे छापलेले स्वेटशर्ट, लिव्हायसच्या जीन्स आणि चामड्याची जाकिटे बर्लिनला, पॅरिसला आणि ॲमस्टरडॅमला सारखीच दिसतात, तेव्हा त्या खरेदीत डच असे काय उरते? क्रिंगलोपमधला कपडा मात्र बहुधा त्याच परिसरातल्या एखाद्या घरातून आलेला असतो. उत्रेख्तमध्ये मी घेतलेल्या लोकरी कोटाच्या अस्तरावर ‘कांडा’ असा शिक्का आहे. ती सी अँड ए या कपड्यांच्या कंपनीची जुनी नाममुद्रा, आणि ही कंपनी १८४१ मध्ये फ्रिसलंडमधल्या स्नेक गावी सुरू झाली. कोटाला कुठे कसर लागलेली नाही, काखेतले अस्तर शाबूत आहे आणि डाव्या कोपरावर कुणीतरी इतके बारीक रफू केले आहे की ते उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही.

शिवाय यातल्या अनेक दुकानांत, ज्यांना एरवी नोकरी मिळणे कठीण जाते अशांना काम दिले जाते, आणि काही दुकाने स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. ॲमस्टरडॅमहून उत्रेख्त आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येते आणि लायडन ते हेग हे अंतर त्याहूनही कमी आहे, त्यामुळे वाट वाकडी करावी लागते ही सबबही टिकत नाही.

मृण्मयी_स

कालवाकाठी, आपल्या कोटाबद्दल अभिनंदन, पण आपल्या मताशी मी अजिबात सहमत नाही. आपण तिथे राहता. एक क्रिंगलोप आज रिकामे निघाले तर पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊ शकता. प्रवाशाच्या हाती एका शहरात एखादी दुपार असते, आणि त्या दुपारी त्याच्यासमोर येतात त्या पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या, धुऊन धुऊन आकार गेलेल्या स्वस्त फॅशनच्या कपड्यांच्या रांगा. क्रिंगलोपमधला बहुसंख्य माल तोच असतो, हे आपण लिहिले नाही.

चांगल्या व्हिंटेज दुकानात आपण ज्याचे पैसे देतो ते निवड करणाऱ्या डोळ्याचे असतात. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असे लिहिलेला कपडा १९९० च्या आधीचा असणार, वूलमार्कचे, म्हणजे शुद्ध लोकरीचे चिन्ह असेल तर तो १९६४ नंतरचा असणार, लिव्हायसच्या लाल पट्टीवर नावातले ‘ई’ मोठ्या लिपीत असेल तर ती जीन्स १९७१ च्या सुमाराची किंवा त्याआधीची असणार, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस शंभर कपडे बाजूला सारून एक टांगतो. तो कपडा धुतलेला असतो, उसवलेली शिवण घातलेली असते, तुटलेले बटण त्याच काळातल्या दुसऱ्या बटणाने बदललेले असते. ॲमस्टरडॅममध्ये वोल्वेनस्ट्रात या रस्त्यावरच्या लॉरा डोल्स या दुकानात जुने संध्याकाळचे झगे पाहिले तर हे काम किती निगुतीचे आहे ते कळते. तो दर मला महाग वाटत नाही.

वि_दा_पुणे

मुळातच एक शंका मांडतो. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेण्याची रीत होती. दुसऱ्याचे अंगावरून उतरलेले कपडे विकत आणण्याची नव्हती. कोणाचे, कोणत्या आजारातले, कोणाच्या निधनानंतर घरातून काढलेले कपडे आहेत हे माहीत नसताना ते केवळ परदेशात मिळतात म्हणून हौसेने घ्यावेत, हे मनाला पटत नाही. दुकान महागडे असो की धर्मादाय, माझा आक्षेप दोन्हीकडे सारखाच आहे.

गोधडी

वि. दा., आपल्या भावनेचा आदर ठेवून लिहिते. बोहारणीने नेलेले कपडेही पुढे कुणीतरी विकतच घेत होते. आपण फक्त त्या व्यवहाराच्या एका टोकाला होतो. आजीच्या लुगड्यांची गोधडी पांघरून आपण वाढलो, मोठ्या भावाचे सदरे धाकट्याने घातले, तेव्हा अडचण कपड्याच्या जुनेपणाची नाही, अनोळखीपणाची आहे. ती खरी आहे आणि तिच्यावर उपाय साधे आहेत: सुती कपडा गरम पाण्यात धुवावा, लोकरीचा ड्रायक्लीनिंगला द्यावा, आणि अंतर्वस्त्रे व पादत्राणे मुळीच घेऊ नयेत.

घेताना एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. डच माणसे जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात, त्यामुळे खांद्यात बसणारा कोट बाहीत लांब होतोच. जुन्या शिवणकामात माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, भरपूर सोडलेली असते, ती अस्तर किंचित उचलून तपासावी. माया असेल तर आपल्याकडचा कुठलाही चांगला शिंपी तो कोट अंगाबरोबर करून देतो. कॉलरची उलटी बाजू आणि खिशांचे तळ पाहावेत, कारण कसर तिथून सुरू होते. डांबरगोळ्यांचा वास उन्हात जातो, सिगरेटचा सहसा जात नाही.

डेल्फ्ट_निवासी

माझा आक्षेप कालवाकाठी यांच्या विरुद्ध बाजूने आहे. मी इथे शिकायला आलो तेव्हा हिवाळ्याचा पहिला कोट क्रिंगलोपमधूनच घेतला, कारण नवीन कोटाइतके पैसे त्या महिन्यात नव्हते. माझ्यासारखे विद्यार्थी, निर्वासित कुटुंबे आणि तुटपुंज्या भत्त्यावर राहणारे वृद्ध यांच्यासाठी ही दुकाने हौस नव्हेत, तो त्यांचा खरेदीचा मुख्य मार्ग आहे. चांगल्या लोकरीचे दोन-चार कोट टांगले जातात आणि सकाळी दार उघडताच ते उचलून नेणारे लोक ते ऑनलाइन तिप्पट दराने विकतात, हे मी पाहिले आहे. त्यात आता पर्यटकही आले तर उरणार काय? ज्याला परवडते त्याने व्हिंटेज दुकानात जावे आणि क्रिंगलोप ज्यांच्या गरजेचे आहे त्यांच्याकडे राहू द्यावे.

कालवाकाठी

डेल्फ्ट_निवासी, पुनर्विक्री करणाऱ्यांबद्दल आपला राग मला मान्य आहे. पण पर्यटकामुळे कपडे कमी पडतील ही भीती वस्तुस्थितीला धरून नाही. नेदरलँड्समध्ये जमा होणारे कपडे देशात विकले जाऊ शकतील त्याहून कितीतरी जास्त आहेत. १ जुलै २०२३ पासून विकलेल्या कपड्यांचे वापरानंतर काय होते याची जबाबदारी कायद्याने कापड उत्पादकांवर टाकली आहे. बाजारात आणलेल्या कपड्यांच्या वजनाच्या निम्मा भाग २०२५ मध्ये पुनर्वापरात किंवा पुनर्चक्रणात जावा असे उद्दिष्ट होते, आणि त्यातला काही वाटा देशातच पुन्हा वापरला जावा अशी वेगळी अट घातली आहे. ती घालावी लागली याचे कारण, देशात घेणारे कमी आहेत आणि उरलेला माल गासड्या बांधून बाहेर जातो.

तो कुठे जातो हेही आपल्याला परके नाही. पूर्व युरोप आणि आफ्रिका यांच्या जोडीला त्यातला काही माल आपल्या कांडला बंदरात उतरतो, आणि पाश्चात्त्य देशांतून टाकून दिलेले लोकरी कपडे पानिपतला चिरून, पिंजून, पुन्हा कातून त्यांची स्वस्त घोंगडी विणली जातात. अंगात घालता येण्याजोगा कोट चिंध्या होण्यासाठी समुद्र ओलांडण्यापेक्षा कुणाच्याही अंगावर राहावा. एवढे मी मानतो की पर्यटकाने कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर जाड कोटांवर हात टाकू नये. शर्ट, झगे, रुमाल, विणलेले स्वेटर यांची तिथे कधीच वानवा नसते.

सोमवारचा_बाजार

आपण सगळे छपराखालच्या दुकानांवरच भांडत आहात, म्हणून बाजारांबद्दल लिहिते. सोमवारी सकाळी ॲमस्टरडॅमच्या योर्दान भागातल्या नॉर्डरमार्क्ट या चौकात जावे. जुने कपडे तिथे आणि कापडाचे तुकडे शेजारच्या वेस्टरस्ट्रात रस्त्यावर मिळतात. त्या दिवशी बरीच दुकाने दुपारीच उघडतात, त्यामुळे सकाळ वाया जात नाही. ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकामागून सुटणाऱ्या फुकट बोटीने एनडीएसएमच्या जुन्या जहाजगोदीत उतरले की शेकडो ठेल्यांचा आय-हालन बाजार भरलेला असतो. तो ठरावीक शनिवार-रविवारीच भरतो आणि त्याला प्रवेशशुल्क आहे, तेव्हा तारखा पाहून जावे. २७ एप्रिलच्या राजदिनी, म्हणजे राजाच्या वाढदिवशी, तर लोक घरातले सामान थेट रस्त्यावर मांडतात, आणि उत्रेख्तमध्ये ही विक्री आदल्या संध्याकाळीच सुरू होते.

इथे विकणारा समोर असतो. हा झगा कुणाचा, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, आणि वि. दा. यांच्या शंकेचे निरसन याहून चांगले कुठे होणार नाही. ठेल्यांसाठी रोख सुटे पैसे जवळ ठेवावेत. दुकानांत उलट; कित्येक ठिकाणी रोकड घेतच नाहीत.

मृण्मयी_स

कालवाकाठी, आपले मूळ विधान असे होते की व्हिंटेजच्या व्यापारात डच काही उरत नाही. मग ॲमस्टरडॅमच्या वॉटरलूप्लाइन चौकातल्या बाजाराचे काय करायचे? १८८२ मध्ये कालवे बुजवून तो चौक तयार झाला आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या ज्यू फेरीवाल्यांचा बाजार पुढे तिथे भरू लागला. जुने कपडे, भंगार, पुस्तके विकून त्या वस्तीतली कितीतरी कुटुंबे जगली, आणि जर्मन अमलात त्यांतल्या बहुसंख्यांना छळछावण्यांत नेऊन मारण्यात आले. युद्धानंतर बाजार पुन्हा भरला आणि आजही रविवार सोडून भरतो. जुना कपडा पारखून, दुरुस्त करून, नफा ठेवून विकणे हा या शहराचा पिढीजात उद्योग आहे, आणि दान केलेल्या कपड्याइतकाच तो इथल्या मातीतला आहे.

शिवाय आपल्या कोटाचा पहिला मालक कोण, हे क्रिंगलोपमध्ये कुणालाच सांगता आले नसेल. जाणकार विक्रेता निदान कपडा कुठल्या दशकातला आणि कुठल्या मालातला, एवढे तरी सांगतो.

कालवाकाठी

वॉटरलूप्लाइनबद्दलचे आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. तिथल्या ठेल्यांना आणि स्वतः माल निवडणाऱ्या दुकानदाराला माझा विरोध नव्हता आणि नाही. विरोध आहे तो साखळी दुकानांच्या गासडीबंद मालाला. तिथे काम करणाऱ्या मुलांना आपण कपड्याचे दशक विचारून पाहावे. मला त्यांच्याकडून आजवर किमतीच्या चिठ्ठीपलीकडे उत्तर मिळालेले नाही, आणि त्या चिठ्ठीवरच्या चाळीस युरोंत उत्रेख्तच्या क्रिंगलोपमधून तीन लोकरी स्वेटर येतात.