सिम खिशात नाही तर व्हॉट्सॲपही नाही? सहा तासांच्या लॉगआउटचं काय करायचं?

मार्केट_यार्डातला (सांगली), ५ डिसेंबर २०२५

सरकारचं संचार साथी हे मोबाईल-सुरक्षेचं ॲप प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये कंपनीतूनच टाकून द्यायची सक्ती ३ तारखेला मागे घेतली, म्हणून सगळे खूश आहेत. मीही आहे. पण दूरसंचार विभागाचा २८ नोव्हेंबरचा दुसरा आदेश आहे तसाच आहे, आणि त्याच्याबद्दल आमच्या यार्डात कुणाला पत्ता नाही.

तो थोडक्यात असा. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई वगैरे ज्या नंबरवर घेतलंय त्याचं सिम त्याच मोबाईलमध्ये चालू पाहिजे. सिम काढलं की ॲप बंद. कॉम्प्युटरवर वेब उघडलं असेल तर जास्तीत जास्त सहा तासांनी ते आपोआप लॉगआउट होणार, आणि परत क्यूआर स्कॅन करायचा. कंपन्यांना मुदत ९० दिवसांची.

मी बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आमचा सगळा धंदा व्हॉट्सॲप वेबवर. सकाळी नमुन्याच्या ताटल्यांचे फोटो काढायचे, लॉट नंबर टाकायचे, परराज्यातल्या व्यापाऱ्यांना पाठवायचे. सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टीचा फोटो. नंबर मालकांचा आणि मोबाईल मालकांच्या खिशात. मालक दुपारी तासगावला कोल्ड स्टोरेजमध्ये माल बघायला जातात. दोन वाजता वेब बंद पडलं तर क्यूआर स्कॅन करायला मी तासगाव गाठू काय? तिकडं व्यापारी विचारतोय, "भाव बोलो". इकडं स्क्रीनवर चौकोनी नक्षी.

चोर धरायला आमचं काही म्हणणं नाही. पण ह्यात चोर कुठं धरला जातोय ते कुणीतरी समजावून सांगा.

निवृत्त_कॅशियर (विश्रामबाग)

दिवाणजी, मी सांगतो. लांबण लागेल, पण वाचा.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. सत्तरीच्या एक बाई एफडी मोडायला आल्या. ओळखीच्या, दर महिन्याला पेन्शनला यायच्या. कारण विचारलं तर "मुलाच्या फ्लॅटचं बुकिंग". मुलगा परदेशात, फ्लॅट कुठला ते सांगता येईना. फोन पदराखाली धरलेला, आणि बघतो तर चालू. मी काही बोललो नाही. विड्रॉल स्लिपच्या पाठीमागं लिहिलं, "फोनवर कोण आहे?" आणि स्लिप काचेखालून सरकवली. बाईंनी वाचलं आणि तिथंच रडायला लागल्या. दोन दिवस "डिजिटल अरेस्ट" मध्ये होत्या, म्हणजे तोतया पोलिसानं व्हिडिओ कॉलवर धाक दाखवून अडकवून ठेवलेल्या. झोपतानाही कॅमेरा चालू ठेवायचा हुकूम. ती एफडी वाचली, पण आदल्या दिवशी नेटबँकिंगनं चार लाख गेले होते.

तो फोन व्हॉट्सॲपचा होता. नंबर आपल्याच देशातला, +९१, फोटोला पोलिसांचं चिन्ह. विदेशी नंबर असता तर बाईंनी उचललाच नसता.

आता तांत्रिक भाग. आज व्हॉट्सॲप घेताना ओटीपी एकदाच विचारतात. त्यानंतर सिम मोबाईलमध्ये आहे, कपाटात आहे की कचऱ्यात, ॲपला घेणंदेणं नाही. म्हणून सिम इथलं आणि माणूस कंबोडियात किंवा म्यानमारमध्ये, असं जमतं. सिम त्याच मोबाईलमध्ये लागणार म्हटल्यावर त्याला ते सिम तिथं रोमिंगवर चालू ठेवावं लागेल, आणि रोमिंगवरचं सिम कुठल्या देशात आहे ते कंपनीला दिसतं. यूपीआयच्या ॲपना हे बंधन पहिल्यापासून आहे. तिथं कुणी ओरडलं नाही. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत २२,८०० कोटींच्या वर गेल्याचं सरकारच सांगतंय. तुमच्या मालकांचा क्यूआर त्यापुढं मोठा आहे का?

गलाईवाल्याचा_भाऊ (विटा)

काका, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. पण आमच्या भागाची रीत तुम्हाला ठाऊक असेलच.

खानापूर, आटपाडीतली निम्मी घरं गलाईवर. कुणाचा भाऊ कोईम्बतूरला, कुणाचा कोलकात्याला, सोनं-चांदी गाळायचं दुकान. माझ्या थोरल्या भावाचा गावाकडचा नंबर वीस वर्षांचा. ते सिम आता आईच्या बटणाच्या फोनमध्ये, कारण गॅसचा आणि सोसायटीचा मेसेज त्याच्यावर येतो, आणि आईला दुसरा नंबर पाठ होत नाही. त्याच नंबरचं व्हॉट्सॲप भावाच्या मोबाईलवर, तिकडं. भावकी, देवस्थान कमिटी, शाळेची बॅच, सगळे ग्रुप त्याच नंबरवर. मोबाईलमध्ये सिम तमिळनाडूचं.

हा आदेश लागू झाला की एकतर आईचा फोन मुका होणार, नाहीतर भाऊ गावातून तुटणार. आम्ही कुणाला लुटलं?

निवृत्त_कॅशियर

भाऊ, राग मानू नका. सिम एकीकडं, व्हॉट्सॲप दुसरीकडं. तुम्ही मायेपोटी करता, चोर लुटायला करतो. यंत्राला माया दिसत नाही. आईला नवं सिम घेऊन द्या, गॅसचा नंबर बदला. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गलाईवाल्याचा_भाऊ

अर्ध्या दिवसाचं? काका, तुम्ही कॅशियर होता. बँकेत मोबाईल नंबर बदलायला माझ्या आईनं तीन हेलपाटे घातलेत.

सिमकार्डवाला (सांगली, कॉलेज कॉर्नर)

दहा वर्षं सिम विकतोय, म्हणून आतलं सांगतो.

फसवणुकीचं सिम खोट्या कागदावर निघतं असं लोकांना वाटतं. पूर्वी निघायचं. आता खऱ्या माणसाच्या खऱ्या अंगठ्यावर निघतं. गिऱ्हाईक आलं, अंगठा लावला, की काही नालायक विक्रेते म्हणतात, "मावशी, नीट उठला नाही, परत लावा." पहिल्या अंगठ्यावर एक सिम निघालेलं असतं, दुसऱ्यावर दुसरं. मावशी एक घेऊन घरी जाते. दुसरं कुठं जातं ते तिला कधीच कळत नाही.

ह्याच्यावर सिम-बंधनाचा काय उपाय? ते सिम खरंखुरं चालू आहे. चोर ते मोबाईलमध्येच ठेवेल. आणि सिमबॉक्स नावाचं एक यंत्र असतं. त्यात शेकडो सिम एकदम बसतात, आणि ते भाड्याच्या खोलीत ठेवून बाहेर देशातून चालवतात. कॅशियरकाका म्हणतात तसं थोडं अवघड होईल, हे मान्य. सिमचा भाव वाढेल. पण थांबेल म्हणणाऱ्याला माझ्या काउंटरला एक दिवस बसवा.

मिरजेची_मास्तरीण

मला सिमपेक्षा सहा तासांची भीती वाटते, आणि दिवाणजींच्या कारणासाठी नाही.

आम्ही शाळेत पालकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो की अनोळखी क्यूआर स्कॅन करू नका, ओटीपी सांगू नका. आता दिवसातून दोनदा व्हॉट्सॲपचा क्यूआर स्कॅन करायची सवय सरकारी आदेशानं लावायची. तिसऱ्यांदा समोर आलेला क्यूआर भामट्याचा असेल तर ओळखणार कोण? लिंक्ड डिव्हाइसमध्ये परक्याचा कॉम्प्युटर जोडून घेणं ही फसवणूक आजही चालते. हात सवयीनं चालायला लागले की डोकं बंद होतं. हजेरी घेताना मीच "हजर" म्हणून जाते कधी कधी.

दुसरं म्हणजे, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्याला हात लावायचा तर कायदा हवा, हेतू योग्य हवा, उपाय त्या हेतूच्या मानानं बेताचा हवा. चोर काही हजार आणि बंधन पन्नास कोटी लोकांवर, हे बेताचं कसं?

निवृत्त_कॅशियर

मास्तरीणबाई, इथं खासगीपणा कुठं मोडला? मेसेज कुणी वाचत नाही. ते आजही कुलूपबंद आहेत, उद्याही राहतील. नंबर तुमच्याच नावावर आहे, कंपनीला तो माहीत आहे. ॲप फक्त बघणार की सिम आत आहे का. भाजी घेतानासुद्धा यूपीआय तेच बघतो.

मिरजेची_मास्तरीण

काका, यूपीआय पैशाचं आहे, हे बोलण्याचं आहे. फरक सांगते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई. नवऱ्यानं भांडणात सिम काढून घेतलं, मोडून टाकलं. हँडसेट मात्र राहिला, काच फुटलेला. शेजारणीच्या वायफायवर त्याच हँडसेटवरच्या व्हॉट्सॲपनं ती पंधरा दिवस माहेरी बोलत होती. भाऊ जतहून आला तो त्या मेसेजवर. तुमच्या नियमात सिम मोडलं त्याच रात्री तिचं तोंड बंद झालं असतं.

तुमच्या बाईंची गोष्ट मी विसरले नाही. पण त्यांना वाचवलं ते कुठल्या ॲपनं नाही, तुमच्या स्लिपनं.

सांगलीकर_पुण्यात

कामानं सॉफ्टवेअरवाला, म्हणून एवढंच. ॲन्ड्रॉइडवर परवानगी दिली तर ॲपला सिमची थोडीफार माहिती मिळते. आयफोनवर कुठल्याच साध्या ॲपला सिमची ओळख वाचता येत नाही. यूपीआयवाले तिथं एकदा एसएमएस पाठवायला लावून काम भागवतात. "सतत" बघायचं तर सतत एसएमएस पाठवायला लावणार का? आदेश लिहिणाऱ्यानं आयफोन हातात घेऊन बघितला होता का, असा प्रश्न पडतो.

आणि परदेशातल्यांनी घाबरू नये. सिम मोबाईलमध्ये असेल तर रोमिंगवर चालेल, असा खुलासा विभागानं केलाय. ज्यांचं सिम आईच्या कपाटात आहे त्यांचंच अवघड. त्यात मीही होतो, दोन वर्षं जर्मनीत.

मार्केट_यार्डातला

एवढे सगळे बोलताय म्हणून काल रात्री बसून संचार साथीच्या वेबसाइटवर माझ्या नावावर किती नंबर आहेत ते बघितलं. सक्ती नको म्हणणाराच मी, पण सोय चांगली आहे, खोटं कशाला बोलू. आपला नंबर टाकायचा, ओटीपी आला की यादी समोर. एका माणसाला नऊच नंबर ठेवता येतात म्हणे.

माझ्या नावावर पाच. माझा, बायकोचा, पोराचा, दुकानाचा. पाचवा ओळखीचा वाटेना. शेवटचे दोन आकडे बघून मध्यरात्री आठवलं. २०१६ साली आमच्या वखारीतल्या एका हमालाकडं कागद नव्हते, म्हणून माझ्या कागदांवर सिम काढून दिलं होतं. नंतर तो काम सोडून गेला.

सकाळी फोन लावला. उचलला. तो आता गावाकडं शेळ्या बघतो, सिम त्याच्याच मोबाईलमध्ये आहे, आणि व्हॉट्सॲपला माझ्यापेक्षा जास्त ग्रुप आहेत. म्हणजे कॅशियरकाका, तुमच्या नव्या नियमात तो एकदम पास. सिम आत, नंबर चालू. पोलिसांनी विचारलं तर मात्र नाव माझं.

यादीत "हा नंबर माझा नाही" असं बटण आहे. दाबलं की बंद होईल. हात जाईना.

निवृत्त_कॅशियर

दाबू नका. आधी त्याच्या नावावर करून द्या. हे मी मानतो की आदेशात ह्याचं उत्तर नाही. वेबचे सहा तास दुकानांसाठी वाढवून द्यायला हवेत, हेही मानतो. सिमचं मात्र मानत नाही.

सिमकार्डवाला

दिवाणजी, दोघं मिळून कंपनीच्या स्टोअरला जा, आमच्याकडं नाव बदलून होत नाही. दोघांची आधार कार्डं घ्या. आणि अंगठा लावताना "परत लावा" म्हणाला तर पहिल्याचं काय झालं ते विचारा.

मार्केट_यार्डातला

रविवारी बोलावलंय त्याला. येताना शेळीचं दूध आणतो म्हणाला. मालकांचा फोन मात्र आत्ताही तासगावात आहे.