माळढोक की सिंहपुच्छ वानर? (ए विंग ग्रुप)

केतकी (३०२): ओमच्या वर्गात उद्या वादविवाद आहे. आधी कोणाला वाचवायचं, माळढोक की सिंहपुच्छ वानर? कुणाला काही माहिती असेल तर सांगा ना 🙏

जोशी काका: वानर. पक्ष्याचं काय, उडून जाईल दुसरीकडे.

मनोज (५०१): काका, उडतो म्हणूनच मरतो तो! मोठा नर बारा-पंधरा किलोचा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं. विजेची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तेवढं धूड पटकन वळत नाही. देशात दीडशेसुद्धा उरले नसतील, बहुतेक जैसलमेरकडे. आमच्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे, पण तिथे आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

सुषमा काकू: वानरं मी तामिळनाडूत वालपराईला पाहिली. आयाळ काय सुंदर! चहाच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे झालेत, म्हणून रस्त्यावरून ये-जा करायला झाडांमध्ये अग्निशमनच्या जुन्या पायपांचे पूल बांधलेत. आणि वानरं चक्क वापरतात ते.

जोशी काका: म्हणजे वानर जुळवून घेतं.

विनया (१०४): थोडंफार. फणस मिळतात म्हणून बागेत येतात, मग कचऱ्याला तोंड लावतात. पिल्लूही दोन-तीन वर्षांतून एकदाच. पण त्यांच्या बाजूने माणसं उभी राहिली. केरळात सायलेंट व्हॅलीचं धरण रद्द झालं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्या लढ्याचा चेहरा हेच वानर होतं. गवताळ माळाला असं कोण मिळालं? सातबाऱ्यावर तो 'पडीक'. वर आपण उत्साहाने तिथे झाडं लावायला जातो. माळावर दाट झाडं झाली की माळढोक गेलाच.

मनोज: बरोब्बर! ओमला हेच बोलायला सांगा. संख्येवरूनही माळढोकच आधी, वानरं काही हजार तरी आहेत. राजस्थानात सम आणि रामदेवराला अंडी उबवून पिल्लं वाढवतायत, पण ती सोडायला माळ नको का?

केतकी: तारा जमिनीखालून का नेत नाहीत मग?

मनोज: सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तसा आदेश दिला होता. सौर प्रकल्पांचा खर्च आणि तांत्रिक अडचणी पुढे आल्या, २०२४ मध्ये तो सैल करून समिती नेमली.

जोशी काका: सौरवरून आठवलं. गच्चीवरच्या पॅनेलचं कोटेशन आलंय. रविवारी मीटिंगला सगळ्यांनी या, मागच्या वेळी चौघंच होतो.