मदत हवी आहे: लाइन गेली तरी वाजेल अशी पातळ हॉलोबॉडी (पोकळ पोटाची इलेक्ट्रिक) गिटार, जॅझसाठी

नमस्कार मंडळी,

इथे वाचतो नेहमी, पण धागा पहिल्यांदा काढून राहिलो. मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटपासून बरंच आत एका खेड्यात राहतो. शेती आहे, आणि लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, पंधरा वर्षं झाली. गिटार स्ट्रॅटसारखी सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची इलेक्ट्रिक, त्याच गिटारवर आजवर सगळं भागलं.

दोन-तीन वर्षांपासून जॅझचं वेड लागलं. सुरुवात अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीपासून झाली. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वाजवणं, आणि घरी प्रॅक्टिस करताना बाकीच्यांना त्रास नको म्हणून त्याने पिक (तार छेडायची छोटी पट्टी) सोडला आणि अंगठ्याने वाजवायला लागला असं सांगतात. नोटेशन वाचता येत नव्हतं, त्याच्या आधीचा जॅझ गिटारवाला चार्ली ख्रिश्चन याचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून ऐकून बसवले. हे वाचलं तेव्हा मले तो माणूस भल्ला जवळचा वाटला, कारण मीही सगळं कानानेच शिकलो आणि माझीही वाजवायची वेळ रात्रीचीच.

माझी खरी अडचण तीच आहे. आमच्याकडे शेतीची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळी असली की हरभऱ्याला ओलित करून घरी यायला एक-दीड वाजतो, अंग थकलेलं असते पण झोप येत नाही, तेव्हा ओसरीत बसून अर्धा-पाऊण तास वाजवावंसं वाटते. अँप लावला तर घर उठते. हेडफोन लावून पाहिला, पण बाबांची तब्येत अशी आहे की रात्री कान उघडे ठेवावे लागतात, त्यांनी हाक मारली आणि मले ऐकूच आली नाही असं एकदा झालं, तेव्हापासून हेडफोन बंद. आणि गावची लाइन गेली तर विषयच संपला, सॉलिड गिटार म्हणजे लाकडाची पाटी, तारा नुसत्या चिवचिव करतात.

तुम्ही म्हणाल मग अकूस्टिक घे. होती. टिनाच्या खोलीत ठेवली होती, ही माझी चूक, मे महिन्यात आमच्याकडे ४५-४६ डिग्री तपते आणि टिनाखाली त्याहून जास्त. एक दिवस हातात घेतली तर तारा बोटभर वर, पाहतो तर ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) मागच्या बाजूने उचकलेला, खाली पोरीच्या फीची पावती सहज आत सरकली. डिंकच पाघळला होता. तेव्हापासून पोकळ गिटार म्हटलं की पोटात गोळा येते.

पण दिवाळीत नागपूरला एका दोस्ताकडे एपिफोनची कासिनो हातात आली. अँपला लावली नव्हती, सोफ्यावर बसून नुसता जी मेजर सेव्हन कॉर्ड दाबला आणि अंगठा फिरवला तर मागची पाटी पोटाला लागून थरथरली. आवाज मोठा नव्हता, समोरच्या खुर्चीपर्यंत जाईल एवढाच, पण त्यात गोलाई होती, मधले सूर वेगवेगळे ऐकू येत होते. तिथून बसमध्ये घरी येईस्तोवर हाताला तो थरथराट होता. मले पाहिजे तो आवाज हाच, एवढं पक्कं आहे.

आता कापसाचा चुकारा आला, घरचे खर्च काढून ५० हजारापर्यंत बाजूला ठेवता येतात, बायकोचा होकार आहे. पण आमच्याकडे ट्राय करायला दुकान नाही, एकदा घेतली की घेतली, म्हणून विचारून राहिलो.

वाचून एवढं समजलं की गिब्सन कंपनीच्या ईएस-३३५ (१९५८) मध्ये पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा असते, म्हणून ती सेमी हॉलो, आणि १९५९ ची ईएस-३३० अन् १९६१ ची कासिनो या तशाच दिसतात पण आतून पूर्ण रिकाम्या. जॅझवाला ग्रँट ग्रीन, त्याचा सुरुवातीचा आवाज ईएस-३३० चाच. जाडी सगळ्यांची पावणेदोन इंचाच्या आसपास. ईएस-१७५ सारखी जाड, साडेतीन इंचाजवळची बॉडी मले काखेत धरवत नाही, खांद्याचं जुनं दुखणं आहे. तर माझ्यासारख्याने पूर्ण पोकळच घ्यावी ना, की ठोकळावालीसुद्धा बिनअँपची ऐकू येते? कासिनोमध्ये पी-९० पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, एका कॉइलचे) आहेत, आमच्या घरी आधीच अँप गुणगुण करते आणि शेजारच्या वावरातली मोटर सुरू झाली की जास्तच, तर हमबकरवाली (दोन कॉइलचे, कमी गुणगुणणारे पिकअप) पाहावी का? आयबानेझच्या एएफ सिरीजमध्ये हमबकर आहेत पण त्यांचा ब्रिज म्हणे नुसता टेकवलेला असते, व्हायोलिनच्या घोडीसारखा, तो सरकला तर इथे लावून कोण देईल? आणि शेवटचं, उन्हाळा. ही गिटार आमच्या उन्हाळ्यात टिकेल का? खरं सांगा, टिकत नसेल तर मी नाद सोडतो.

*

सहावी_तार:

दादा, नाद सोडू नका. तुमची अकूस्टिक गेली त्यावरून हिचं भविष्य ठरवू नका. अकूस्टिकचा ब्रिज पाटीवर डिंकाने चिकटवलेला असतो आणि तारांचा सगळा ताण त्याच जोडावर, उष्णतेने डिंक मऊ झाला की तो उचकटणारच. कासिनोमध्ये तारा मागच्या ट्रॅपीझ टेलपीसला (तारा अडकवायच्या धातूच्या पट्टीला) अडकवलेल्या असतात, तो टेलपीस बॉडीच्या कडेला स्क्रूने बसवलेला, म्हणजे तुमच्याकडे जे उचकटलं तो जोड हिच्यात नाहीच. शिवाय पाटी मेपलच्या प्लायची, अखंड लाकडाइतकी ती फुगत-आक्रसत नाही. तरी टिनाखाली ठेवायची नाही ती नाहीच, मानेचे आणि बाइंडिंगचे (कडेच्या पट्टीचे) जोड डिंकाचेच आहेत.

कोरड्या हवेत त्रास होतो तो मानेला. फिंगरबोर्ड आक्रसतं आणि फ्रेटची (धातूच्या पडद्यांची) टोकं कडेने बाहेर येतात, हात फिरवला की करवतीसारखी लागतात. त्यावर सोपा उपाय, साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडून आत ओला पिळलेला स्पंज ठेवायचा आणि ती डबी केसमध्ये हेडस्टॉकजवळ (खुंट्यांच्या टोकाजवळ) ठेवायची, उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बघायची. छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) घ्या, ४५ ते ५५ टक्के असलं की निश्चिंत. आणि कूलरच्या झोतात गिटार अजिबात नको, दिवसभर कोरडं आणि रात्रभर ओलं हे सगळ्यात वाईट.

ठोकळावाली घेऊ नका. ३३५ छाप गिटार बिनअँपची सॉलिडपेक्षा थोडी मोठी वाजते, पण तुम्ही जे पोटाला जाणवलं म्हणता ते तिच्यात जवळजवळ नाही. ठोकळा घातलाच आहे फीडबॅक (अँपच्या आवाजाने गिटार स्वतःच घुमणं) रोखायला, थरथर कमी व्हावी म्हणून. याचा अर्थ असाही की कासिनो ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर नेऊ नका, ऑक्टोपॅड आणि मॉनिटरच्या आवाजात ती हुंकारायला लागेल. स्टेजला तुमची जुनी सॉलिडच ठेवा, ही घरची. घरी अँप लावाल तेव्हा नेक पिकअप (मानेकडचा), टोन निम्म्याच्या खाली, आणि अँपकडे तोंड करून बसायचं नाही.

एएफचा फ्लोटिंग ब्रिज जमण्यासारखा आहे, पायाशी मास्किंग टेप लावून जागा आखून ठेवायची आणि तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता हलका स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर ब्रिज टेलपीसकडे सरकवायचा, उतरा लागला तर मानेकडे. कान तयार असलेल्या माणसाला दहा मिनिटांचं काम आहे. पण एएफची बॉडी कासिनोपेक्षा जाड आहे, तुमच्या खांद्यासाठी मी कासिनोच म्हणेन. तिचा ब्रिज खुंट्यांवर पक्का असतो.

तारांचं म्हणाल तर जॅझवाले फ्लॅटवाउंड (चपटं, गुळगुळीत वेटोळं असलेल्या) सांगतील, ११ किंवा १२ नंबरच्या जाडीचा सेट. अँपवर त्या मखमली वाजतात आणि खूप महिने टिकतात, तुमच्या गावी हे महत्त्वाचं. पण बिनअँपच्या त्या दबक्या वाजतात, आणि तुमचा निम्मा वापर बिनअँपचा. आधी साध्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या) ११ लावून चार महिने वाजवा, मग ठरवा. जाड तारा लावल्या की ट्रस रॉड (मानेतली वाक नीट करायची सळई) बघावा लागेल, पाव फेरा फिरवायचा आणि थांबून परत सुरात लावून बघायचं, घाई नको.

*

काळीमाती:

भाऊ, मी नागपूरला असतो, पण मूळ समुद्रपूर तालुक्यातला, आणि वायरिंगची कामं करतो म्हणून लिहून राहिलो. पिकअपचं नंतर पाहा, आधी घरचं अर्थिंग तपासा. तारांना हात लावला की गुणगुण कमी होत असेल तर ते नॉर्मल आहे, हात काढला की परत वाढते, ते चालते. पण तारेला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा बारीक झटका बसला तर त्या दिवसापासून अँप बंद, खेळ नाही तो.

आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा घर बांधताना एकदा मीठ-कोळसा टाकून भरते, मग त्याच्याकडे कोणी पाहत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगची पट्टी नुसती हवेत राहते. खड्ड्यात पाणी टाकून पाहा आणि चांगल्या वायरमनकडून मीटरने चेक करून घ्या. किती घरांमध्ये तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थची वायर जोडलेलीच नसते, हे मी स्वतः उघडून पाहिलं आहे.

पी-९० थोडं गुणगुणणारच, सिंगल कॉइल आहे. बसायची दिशा बदलून पाहायची, इन्व्हर्टर आणि ट्यूबलाइटपासून दूर, एका कोनात बरंच कमी होते.

*

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काळीमाती भाऊ, काल तुमचं वाचून लगेच मागच्या बाजूला जाऊन पाहिलं, खड्ड्यावर बाबांनी तुळशीची जुनी कुंडी ठेवलेली, ती सरकवली तर माती बोटाएवढी फाटलेली. चार बादल्या पाणी टाकलं, सगळं गटागट पिऊन गेली. संध्याकाळी अँप लावला तर गुणगुण निम्मी. मुंग्या कधी आल्या नाहीत, पण वायरमनला बोलावलं आहे, सॉकेटही उघडायला सांगतो.

सहावी_तार दादा, तुम्ही उचकटलेला जोडच हिच्यात नसते हे सांगितलं आणि दोन वर्षांची भीती गेली. ठोकळावाली यादीतून काढली. गिटार आता मधल्या खोलीत राहील, तिथे माळ्याखाली मातीची भिंत आहे, घरातली सगळ्यात थंड जागा, आजीचं लोणचं तिथेच असायचं.

रविवारी नागपूरला जातो. नवी पाहीनच, पण त्या दोस्ताच्या ओळखीत एक जुनी कासिनोही आहे म्हणते. जुनी असेल तर काय काय पाहू ते सांगाल का? मान सरळ आहे का ते पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून पाहायचं हे माहीत आहे, सोळाव्या पडद्याजवळ मान बॉडीला जुळते तिथे चीर पाहीन. एफ होलमधून (बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून) मोबाइलचा टॉर्च मारला तर आतून काही दिसते का, प्लायचे थर सुटलेले कसे ओळखायचे? शनिवार रात्रीपर्यंत कळलं तर बरं होईल, या आठवड्यात रात्रपाळीच आहे, दीडपर्यंत जागाच असतो.